चांगले लाकूड, चांगले हत्यार : इंदुरातून घेतलेला आढावा

इंदूरच्या राजवाड्यापुढे उभे राहिले की खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे, हे कुणी सांगावे लागत नाही. होळकरांच्या या वाड्याने १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन आगी सोसल्या. शेवटच्या आगीत जळालेला मागचा भाग पुन्हा उभा राहायला २००६-०७ उजाडले. तेथून काही किलोमीटरवर माणिकबाग आहे. यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो प्रासाद घडवला. तिथले फ्रेंच फर्निचरकार रूलमनने केलेले मेज मकासर एबनीचे, म्हणजे इंडोनेशियातल्या काळ्या लाकडाचे होते. आसने युरोपातल्या नामवंत कारागिरांची होती. १९८० मध्ये त्यातल्या बऱ्याच वस्तूंचा मोनॅकोत लिलाव झाला. आज त्या इमारतीत केंद्र सरकारचे कर-कार्यालय चालते.

एकाच घराण्याच्या या दोन वास्तूंत आजच्या वादाची दोन टोके आधीच दिसतात. जवळच्या जंगलातले लाकूड घ्यावे की बाहेरचे? साग घ्यावा की दुसरे काही? हाताने घडवावे की यंत्राने? घर बांधणारा, लग्नाचा पलंग करवून घेणारा आणि रविवारी गच्चीवर रंधा मारत बसणारा हौशी माणूस, तिघेही हेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. गेली अनेक वर्षे मी या तिसऱ्या वर्गात आहे. या प्रश्नांची आजची स्थिती काय, कोण काय म्हणते आणि कुठे अजून एकमत नाही, ते क्रमाने मांडतो.

जंगलापासून धार रोडपर्यंत

पूर्वी लाकूड निवडणे हे गिऱ्हाइकाचे काम नव्हतेच. ते सुताराचे होते, आणि सुतार झाडाचे नाव घेण्याआधी काम विचारत असे. माळव्यात आणि निमाडात ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेली होती. कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा, कारण धावडा चिवट आणि धक्का सोसणारा. गाडीच्या चाकाला बाभूळ किंवा तिवस. निमाडातले अंजन इतके जड की पाण्यात टाकले तर बुडते, ते खांबाला. नर्मदाकाठच्या बुधनीची लाखेने रंगवलेली खेळणी दुधीची, ज्याला आपण काळा कुडा म्हणतो, कारण त्याचा पोत बारीक आणि चरकावर तो सुरेख उतरतो. साग दारे-खिडक्यांना, कपाटांना आणि तुळयांना. साग श्रेष्ठ होता, पण एकटा नव्हता.

ही कामानुसार चालणारी जाण मागे कशी पडली, याचे एक कारण विज्ञानातच आहे. देहरादूनची वन संशोधन संस्था १९०६ मध्ये स्थापन झाली आणि तिथे भारतीय लाकडांची पद्धतशीर चाचणी सुरू झाली. वाकवण्याची ताकद, दाब, धक्का, आकुंचन, काठिण्य असे गुण मोजले गेले. या कामात व्ही. डी. लिमये या मराठी शास्त्रज्ञाचे नाव मानाने घेतले जाते. तुलना सोपी व्हावी म्हणून सागाला १०० गुण धरून बाकीच्या लाकडांचे गुण त्या प्रमाणात देण्याची पद्धत रूढ झाली. तक्ता उत्तमच आहे. तो नीट वाचला तर धक्का सोसण्यात किंवा काठिण्यात अनेक देशी लाकडे सागाला मागे टाकतात, असे त्यातूनच दिसते. लोकांच्या मनात मात्र एवढेच राहिले की साग म्हणजे पैकीच्या पैकी आणि बाकी सगळे त्याच्या खाली.

नंतरचा भाग कायद्याचा आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने जंगल प्रथम पर्यावरणासाठी आणि उत्पन्नासाठी नंतर, असे ठरवले. १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या इमारतींत लाकूड वापरणे बंद केले. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मंजूर कार्ययोजनेशिवाय होणारी वृक्षतोड आणि विनापरवाना आरागिरण्या थांबल्या. देशी सागाची आवक आटली आणि परदेशी ओंडके येऊ लागले. गुजरातेत कांडला बंदराला लागून असलेले गांधीधाम या आयातीचे मोठे ठाणे झाले. ब्रह्मदेशाने १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीच्या सागाचे प्रमाण वाढले. २०२० मध्ये बांधकाम विभागाने आपली बंदी उठवली; लाकूड हे पुन्हा उगवणारे साहित्य आहे, हा विचार सरकारी कागदावर परत आला.

आज इंदुरात धार रोडच्या लाकूडबाजारात आपण शिरतो, तेव्हा या सगळ्या इतिहासाचा थर तिथे रचलेला असतो. एका थप्पीत सीपी साग, दुसरीत घानाचा, तिसरीत मलेशियाचे लाल लाकूड, कडेला न्यूझीलंडचे पाइन. हत्यारे आणि बिजागऱ्यांसाठी सियागंज आहेच.

कोणता साग?

पहिला आणि सर्वांत तापलेला वाद सागाच्या आतलाच आहे.

जुन्या मताच्या कारागिरांसाठी साग म्हणजे नैसर्गिक जंगलातला, सावकाश वाढलेला साग. सीपी साग हे नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून आले. बैतूल, हरदा, नर्मदापुरम, सिवनी या पट्ट्यातला माल त्या नावाने विकला जातो. महाराष्ट्रात हीच प्रतिष्ठा चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला, विशेषतः बल्लारशा आणि आलापल्लीच्या मालाला आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून साग गेला. दिल्लीतल्या नव्या संसद भवनासाठीही नागपूरचा साग वापरल्याचे सरकारने सांगितले. या मताच्या लोकांचे म्हणणे असे की घट्ट वर्तुळे, गडद सोनेरी गाभा, हाताला जाणवणारा तेलकटपणा आणि चामड्यासारखा वास ही चांगल्या सागाची ओळख, आणि ती वयाशिवाय येत नाही.

दुसरी बाजू लागवडीच्या सागाची आहे. केरळ वन संशोधन संस्थेत के. एम. भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लागवडीतल्या तरुण सागाचा बारकाईने अभ्यास केला. लवकर वाढलेला साग ताकदीत कमी असतोच असे नाही, हा त्यांचा निष्कर्ष. रुंद वर्तुळे म्हणजे कमकुवत लाकूड, हा सरसकट समज त्यामुळे टिकत नाही. हा मुद्दा मला पटतो. पण ताकद हा एक गुण झाला. टिकाऊपणा सागाच्या गाभ्यातल्या टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे येतो. त्यांच्यामुळेच वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. तरुण झाडात गाभा कमी आणि बाहेरची फिकट कड जास्त असते. या कडेला आपल्याकडचे मिस्त्री ‘सफेदी’ म्हणतात. सफेदीत ही द्रव्ये नसतात आणि तिथे घूण लागतो. म्हणजे वीस वर्षांच्या झाडाची फळी मेजाच्या पायाला पुरेशी बळकट असेल; ती पावसात उभ्या राहणाऱ्या दाराच्या चौकटीला पुरेशी टिकाऊ आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर एकमत झालेले नाही.

तिसरा घोळ नावांचा. घानाहून येणारा साग वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने साग असू शकतो, कारण तिथे आपल्याच सागाची लागवड झाली आहे. पण ‘आफ्रिकन टीक’ या नावाने इरोको किंवा आफ्रोमोसियाही विकले जाते आणि ‘ब्राझिलियन टीक’ हे बहुधा कुमारू असते. ही लाकडे वाईट नाहीत. इरोको तर उत्तम आहे. ती साग नाहीत, एवढेच. दुकानात फळीचे टोक ताजे कापून घ्यावे. सागाच्या कापलेल्या टोकावर वर्षाची वर्तुळे डोळ्यांना स्पष्ट दिसतात, कारण वाढीच्या सुरुवातीची छिद्रे मोठी असून ती वर्तुळाच्या कडेने ओळीत बसतात. पॉलिश मारलेली किंवा गेरू फासलेली फळी कितीही देखणी असली तरी टोक पाहिल्याशिवाय घेऊ नये.

मोजमापाचा एक मुद्दा इथेच सांगतो, कारण त्यात फसगत कमी आणि गैरसमज जास्त आहे. गोल ओंडका मोजण्याची जुनी रीत म्हणजे घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. ४० इंच घेराचा १२ फूट ओंडका या रीतीने ८.३३ घनफूट भरतो. खरे घनफळ साधारण १०.६ घनफूट असते. ही तफावत चिराईत होणारी घट धरून ठेवलेली आहे. त्यामुळे ओंडक्याचा भाव आणि चिरलेल्या फळीचा भाव यांची थेट तुलना करू नये.

वाळवण : सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न

गिऱ्हाईक जात विचारते, भाव विचारते, ‘सीपीचाच ना?’ असे दोनदा विचारते. लाकूड किती वाळले आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा दुर्लक्षित भाग हाच आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, आणि श्रावणात कपाटातल्या पुस्तकांना बुरशीचा वास येतो. लाकूड या हवेबरोबर श्वास घेते. उन्हाळ्यात त्यातली आर्द्रता ६ टक्क्यांच्या आसपास उतरते, पावसाळ्यात १४ किंवा त्याहून वर चढते. सागाची एक फूट रुंद साधी चिरलेली फळी एवढ्या फरकाने जवळपास साडेचार मिलिमीटर फुगते, म्हणजे सुमारे दीड सूत. हीच फळी वर्तुळे उभी राहतील अशी चिरलेली असेल तर फुगणे जवळजवळ निम्म्यावर येते. आणि साग हा या बाबतीत सर्वांत शहाण्या लाकडांपैकी एक आहे. आंब्याची किंवा बाभळीची गोष्ट याहून कठीण.

मी स्वतः एकदा वैशाखात घेतलेल्या फळ्यांचे खणांचे कपाट केले. पहिल्या पावसाळ्यात खण अडकले, दुसऱ्या उन्हाळ्यात मागच्या पाटीला उभी चीर गेली. ज्या दुकानातून माल घेतला तिथल्या माणसाने तो ‘पक्का वाळलेला’ असल्याचे सांगितले होते. माल सागच होता. तक्रार जातीची नव्हतीच. फळी वाळवली होती की नुसती उन्हात ठेवली होती, ते मी तपासले नव्हते. आणि फळीला फुगायला-आटायला जागा ठेवावी लागते, हेही मी पाळले नव्हते. मागची पाटी चारही बाजूंनी सरसाने चिकटवून टाकली होती.

यावरही दोन मते आहेत. एक मत हवेत वाळवण्याचे. फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, सावलीत, वारा खेळता ठेवून महिनोन्‌महिने थप्पी लावायची. असे वाळलेले लाकूड रंगाने जिवंत राहते आणि हत्याराखाली गोड चालते, असे जुने सुतार सांगतात. दुसरे मत भट्टीचे. भट्टीत आर्द्रता ठरवून खाली आणता येते, किडीची अंडी मरतात, वेळ वाचतो. भट्टी घाईने चालवली तर मात्र बाहेरून कोरडी आणि आतून ओली अशी फळी मिळते आणि ती चिरताच वाकते. भारतीय मानक ब्युरोने लाकडाच्या आर्द्रतेसाठी आयएस २८७ हे मानक केले आहे. त्यात देशाचे हवामानानुसार चार विभाग पाडून कामाप्रमाणे आर्द्रतेच्या मर्यादा दिल्या आहेत. या मानकाचा उल्लेख मी धार रोडवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

तपासायला मात्र काही अवघड नाही. दोन टोचण्यांचा आर्द्रतामापक आता हौशी माणसाच्याही आवाक्यात आहे. तोही नसेल तर फळीच्या मधल्या भागातून छोटा तुकडा कापावा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा, १०३ अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवावा आणि पुन्हा तोलावा. कमी झालेले वजन भागिले कोरडे वजन, गुणिले शंभर. ही टक्केवारी बहुतेक कामांसाठी पुरेशी खरी असते. टोकाजवळचा तुकडा घेऊ नये; टोक नेहमीच आधी वाळते.

सागाच्या पलीकडे

दुसरा मोठा वाद असा की साग टाळता येतो का, आणि टाळावा का.

देशी पर्यायांत पहिले नाव शिसमाचे येते आणि मराठी माणसाचा गोंधळ तिथेच होतो. आजीच्या घरातला शिसवी पाट किंवा शिसवी पलंग जांभळट काळसर शिसवीचा, म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलियाचा. बाजारात आणि जोधपूरच्या फर्निचरमध्ये ‘शीशम’ म्हणून येते ते तपकिरी डालबर्जिया सिसू; तो उत्तरेतल्या नदीकाठचा, कालव्याकाठचा, शेताच्या बांधावरचा वृक्ष. दोन्ही कठीण, दोन्ही सुंदर, पण भाव आणि दुर्मीळता यांत मोठे अंतर. २०१७ पासून डालबर्जियाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण-यादीत आल्या. भारताने पाठपुरावा केल्यावर २०२२ मध्ये सिसूच्या वस्तूंना काही सवलत मिळाली.

आंबा, सिरस, बाभूळ, शिवण, हळदू, बिबळा, ऐन ही नावे देशी लाकडांच्या समर्थकांच्या तोंडी सतत असतात. त्यांचे म्हणणे साधे आहे. यांतली बरीच झाडे बांधावर आणि गावात वाढतात, म्हातारी झाल्यावर नाहीतरी तोडली जातात आणि बहुतेक जळणात जातात. आंब्याला नीट भट्टी आणि किडीवरची प्रक्रिया मिळाली तर त्याचे उत्तम मेज होते. जोधपूरहून परदेशात जाणाऱ्या मालाने ते सिद्ध केले आहे. सिरसाचा गाभा अक्रोडाची आठवण करून देतो. हळदू पिवळे, गुळगुळीत, कातकामाला आणि कोरीव कामाला योग्य. शिवण हलकी आणि कमी फुगणारी. विरोधी बाजूचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. ही लाकडे ठरावीक मापात, ठरावीक वाळवणीची, पुन्हा मागितली तर तशीच मिळत नाहीत. सुताराला रोजच्या रोज पैसे उभे करायचे असतात. तो अनोळखी लाकडाशी झटत बसला तर तोटा त्याचाच.

प्लायवूडची बाजू याच मुद्द्यावर जिंकते. प्लाय फारसे फुगत नाही, मापात मिळते, काम झटपट होते. हरयाणातले यमुनानगर शेतात लावलेल्या पॉप्लर आणि निलगिरीवर चालते, म्हणून प्लाय हे जंगल वाचवणारे साहित्य आहे, असे त्याचे समर्थक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. घरातल्या कोरड्या कपाटाला आयएस ३०३ चे प्लाय चालते. ओट्याखाली आणि न्हाणीघराजवळ आयएस ७१० चे हवे. त्या मानकाप्रमाणे नमुना ७२ तास उकळून त्याच्या थरांची पकड पाहिली जाते. शिक्का खोटा असू शकतो, म्हणून २०२३ मध्ये केंद्राने प्लायवूडसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. आक्षेप आहेत ते चिकटद्रव्यातल्या फॉर्मल्डिहाइडबद्दल, जे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्ककारक ठरवले आहे, आणि दुरुस्तीबद्दल. सागाचे कपाट पन्नास वर्षांनी खरवडून नवे करता येते. थर सुटलेले प्लाय टाकूनच द्यावे लागते. एमडीएफबद्दल इतकेच म्हणतो की रंगाच्या कामाला ते सुबक असते आणि पाण्याशी त्याचे वैर आहे.

जुन्या लाकडाचा पर्याय इंदुरात विशेष आहे, कारण जुने वाडे अजून पडत आहेत. त्यांतल्या तुळया शतकभर वाळलेल्या असतात. आतले लोखंडी खिळे मात्र आधी चुंबकाने शोधावेत. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मात्र घरात आणू नयेत. त्यांना क्रिओसोट पाजलेले असते आणि ते विषारी आहे.

हत्यारे : धार कुणाची?

हत्यारांचा वाद हात विरुद्ध यंत्र असा मांडला जातो. कामाच्या जागी तो इतका सरळ नसतो.

हाताच्या हत्यारांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की लाकूड कळते ते रंध्याने आणि पटाशीने. रेषा कुठे फिरली, फळी कुठून उचकटेल, हे मनगटाला समजते. यंत्राच्या बाजूचे म्हणतात की हे हौशी माणसाला परवडते. रोज एक खोलीभर कपाटे उभी करणाऱ्या माणसाला नाही. इंदुरातले बरेचसे फर्निचर आज जागेवरच, राजस्थानातून आलेले जांगिड सुतार आणि उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर करतात. त्यांच्या हातात करवतीऐवजी मार्बल कटर असतो. फरशी कापायच्या या यंत्राला लाकडाची चकती लावून, पुष्कळदा संरक्षक कवच काढून, ते काम ओढतात. वेग मिळतो, हे खरे. पण त्या यंत्राचे फेरे लाकडाच्या चकतीवर छापलेल्या मर्यादेहून जास्त असू शकतात, आणि चकती लाकडात अडकली की यंत्र माणसाकडेच उलटते. हा वाद मतांचा नाही; इथे बोटे जातात. चकतीवरची फेऱ्यांची मर्यादा आणि यंत्रावरचा आकडा ताडून पाहिल्याशिवाय ते वापरू नये. भुशाचेही तसेच. कठीण लाकडाची बारीक धूळ कर्ककारक ठरली आहे आणि सागाची धूळ अनेकांच्या कातडीला झोंबते, तरी मास्क लावलेला सुतार अजून विरळाच दिसतो.

हत्यार कसे निवडावे यावर मात्र दोन्ही बाजूंचे जाणते लोक जवळजवळ एकाच जागी येतात. पोलाद आणि धार. पटाशीचे पोलाद साधारण ५८ ते ६२ रॉकवेल कठीण असावे; मऊ असेल तर धार दुमडते, फार कठीण असेल तर तुकडे उडतात. दुकानात रॉकवेल मोजता येत नाही, पण कानस लावून पाहता येते. चांगले पाणी दिलेल्या पटाशीवर कानस चावत नाही, घसरते. पटाशीची पाठ सपाट आहे का, ते काचेवर ठेवून बघावे. रंध्याचा तळ पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहावा. करवतीचे पाते वाकवून सोडले की सरळ यायला हवे. गुण्या खरा आहे का, हे एका सरळ कडेवर रेघ मारून, गुण्या उलटा करून पुन्हा रेघ मारून कळते. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या पाहिजेत.

‘जुने पोलाद चांगले’ हे मत इंदुरातही ऐकू येते. इंग्लंडच्या शेफिल्डचा शिक्का असलेली आजोबांची पटाशी लोक जपतात आणि ती जपण्यासारखीच असते. तरीही त्यात एक भुलावण आहे. त्या काळातली वाईट हत्यारे केव्हाच भंगारात गेली. टिकली ती चांगलीच होती. रस्त्याकडेला गाडिया लोहार मोटारीच्या कमानीच्या पात्यातून पटाशी घडवून देतात. त्या पात्यात सुमारे ०.६ टक्के कार्बन असतो, म्हणजे पाणी देण्याजोगे पोलाद असते. पाणी नीट दिले असेल तर ती पटाशी महागड्या डब्यातल्या पटाशीशी सामना करते. दिले नसेल तर ती नुसती लोखंडाची पट्टी.

आणि सागाबद्दल एक गोष्ट हत्यारवाल्यांना ठाऊक असते, लाकूडवाल्यांना नसते. सागात सिलिकाचे बारीक कण असतात, काही नमुन्यांत एक टक्क्याहूनही जास्त. त्याने धार लवकर मरते. म्हणून सागावर काम करणाऱ्याने यंत्राच्या चकतीला कार्बाइडचे दात घ्यावेत आणि पटाशीसोबत चांगला धारेचा दगड घ्यावा. २५ ते ३० अंशांत धार लावता येणे हे कुठल्याही हत्याराच्या किमतीपेक्षा मोठे भांडवल आहे. कठीण केलेल्या दातांच्या, फेकून द्यायच्या करवतींनी ही कला मागे टाकली, अशी खंत जुन्या मिस्त्र्यांना आहे. नव्यांचे म्हणणे असे की दात घासायला बसण्यापेक्षा नवे पाते स्वस्त पडते. हिशेब दोघांचाही बरोबर आहे. दोघांची कामे वेगळी आहेत.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे. तेवढ्या पैशात एक बरे यंत्र येते, किंवा पाव, अर्धा आणि एक इंचाच्या पटाशा, लोखंडी रंधा, करवत, गुण्या आणि दगड असा पुरा संच येतो. नव्याने शिकणाऱ्याला मी दुसरा पर्याय सुचवीन. जे रोजच्या कामावर आहेत त्यांना तसे सांगण्याचा मला अधिकार नाही.

काय सुटलेले नाही

तरुण सागाच्या टिकाऊपणाचा प्रश्न उघडा आहे, हे वर आलेच. शेतकऱ्याच्या बांधावरच्या झाडाचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा. तोडणे आणि वाहून नेणे सोपे केले तर देशी लाकूड बाजारात येईल आणि शेतकरी झाडे लावील, असे एक बाजू म्हणते. त्या मोकळिकीच्या आडून जंगलातला साग बाहेर पडेल, अशी वनखात्याची आणि पर्यावरणवाद्यांची भीती आहे. डिसेंबर २०२३ पासून देशभर लागू झालेली राष्ट्रीय वाहतूक परवाना व्यवस्था आणि त्याच महिन्यात आलेली भारतीय वन व लाकूड प्रमाणन योजना ही दोन टोके जोडू पाहतात. खरेदीदाराने यात एवढे करावे: सागाच्या मालाचा वाहतूक परवाना दाखवायला सांगावे. हरद्याच्या टिमरनी-खिरकियाच्या किंवा खंडव्याच्या आशापूरच्या सरकारी आगारातून लिलावात सुटलेल्या मालामागे हा कागद असतोच. असा कागद मागणे म्हणजे दुकानदारावर अविश्वास नव्हे.

घन लाकूड अधिक हरित की प्लाय, हेही उत्तर सरळ येत नाही. ते लाकूड कुठून आले आणि वस्तू किती वर्षे टिकली, यावर ते फिरते. पाच वर्षांत टाकलेले प्लाय आणि ऐंशी वर्षे चाललेली सागाची पेटी यांची तुलना एका वर्षाच्या हिशेबात होत नाही.

पुढच्या वेळी धार रोडवर जाल तेव्हा फळीचे टोक ताजे कापून घ्या, तिथल्या तिथे आर्द्रता मोजायला सांगा, आणि पावतीवर लाकडाच्या जातीशेजारी आर्द्रतेचा आकडा लिहून मागा. दहा गिऱ्हाइकांनी मागितला तर अकराव्याला तो न मागता मिळेल.